नव्वद अंश

"त्या कमोडवरची उंच सीट काढ आधी," सुबोध म्हणाला. "आणि सोफ्याखालचे ठोकळेही."

"आणि तुझा खुबा? तोही काढून सायकलींच्या शेडमध्ये ठेवू का?"

त्याला हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं, ते आपलं तोंडातून गेलं. रविवार होता. अकरा वाजता दादा, म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या नेदरलँड्समधल्या, एनस्खेडेच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकणार होते. आणि माझा साठ वर्षांचा नवरा घरातून आजारपणाची एकेक खूण हद्दपार करायला निघाला होता. सात आठवड्यांपूर्वी त्याचा उजवा खुबा बदलला होता. हाडाच्या जागी धातू, वाटीच्या जागी नवी वाटी. डॉक्टरांनी बारा आठवडे जपायला सांगितलं होतं. दादांना यातलं अक्षर माहीत नव्हतं.

मी सीट काढली, ठोकळे काढले, खाली पडलेलं उचलायचा तो लांब चिमटा, मोजे चढवायचं प्लास्टिकचं पन्हाळं, एक कुबडी, सगळं शेडमध्ये नेऊन जुन्या ताडपत्रीखाली ढकललं. दुसरी कुबडी मात्र मी नेली नाही.

"ही राहू दे," मी म्हणाले.

"नको म्हटलं ना."

"अरे, कोण येतंय? राणीसाहेब? तुझा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि कुबडी स्वतःच कपाटात नेऊन ठेवली. चार पावलं बिनआधाराची गेला. कपाटापर्यंत जाताना उजवं पाऊल आत वळत होतं, ते मी पाहिलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

सहा वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा दादांनी पुण्याहून तीन फोन केले, "निघ." याआधी दोनदा त्या अशाच खालावल्या होत्या आणि दोनदा उठून बसल्या होत्या. सुबोधच्या ऑफिसात त्या आठवड्यात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. "शुक्रवारी निघतो रे दादा," तो म्हणाला. सासूबाई बुधवारी गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा घरात फक्त अस्थींचा कलश होता.

तेराव्याच्या पंगतीत, चाळीस माणसांसमोर, दादा वाढप्याला म्हणाले, "सुबोधला आधी वाढा. पाहुणा आहे तो. पाहुण्यांना परत जायचं असतं." सुबोध खाली मान घालून जेवला. पानात काही टाकलं नाही. त्यानंतर ना त्याने फोन केला, ना दादांनी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातले दोघेही. आणि हा तोच दादा, ज्याने वडील गेल्यावर या नऊ वर्षांच्या पोराला कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. शाळेत पालक म्हणून सही दादाची. मुलगी बघायला, म्हणजे मला बघायला, आला तोही दादाच.

पुढे वहिनीही गेल्या, तेव्हाही दादांनी कळवलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी भार्गवी नोकरीसाठी न्यूनेनला आली. आमच्यापासून दोन तासांवर, तरी बापाच्या धाकाने एकदाच येऊन गेली होती. आता दादा दोन महिने तिच्याकडे राहायला आले होते. बुधवारी मला फोन आला. "सुनेत्रा, रविवारी घरी आहात का?" बस. एवढंच. मी "आहोत" म्हणाले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात रडले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

सुबोध दोन रात्री नीट झोपला नाही. शुक्रवारी चहा पिताना म्हणाला, "ऑपरेशनचं त्याला सांगायचं नाही. आजारपण पुढे करून मला माफी नकोय."

"आणि नमस्काराचं काय? तू वाकणार, मला माहितीये."

"उभ्यानेच हात जोडीन."

"नव्वद अंश, सुबोध. त्याच्या पुढे नाही. शब्द दे."

"दिला," तो म्हणाला.

या नव्वद अंशांचं मी एवढं घेऊन बसले होते, कारण माझं पोटच त्यावर भरतं. नवऱ्याच्या मागे डिपेंडंट म्हणून इथे आले, दहा वर्षं घरात बसून डच शिकले, आणि गेली चौदा वर्षं इथल्या एका चाल तपासणाऱ्या लॅबमध्ये मदतनीस आहे. खुबा नाहीतर गुडघा बदललेली माणसं आमच्याकडे येतात. मी त्यांच्या कमरेवर, मांडीवर, गुडघ्यावर, घोट्यावर चमकणारे छोटे गोळे चिकटवते. मग ती बारा मीटर चालतात, खुर्चीवर बसतात, उठतात, दोन पायऱ्या चढतात. भोवतीचे कॅमेरे ते गोळे टिपतात आणि संगणक सांगतो, सांधा किती अंश वाकला, किती वळला, कुठे अडखळला. संशोधक मंडळी त्यावर पेपर लिहितात. मी गोळे काढते, स्पिरिटने पुसते, डब्यात ठेवते.

त्याच आठवड्यात मेव्रौ टेर हॉर्स्ट नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई आल्या होत्या. मेव्रौ म्हणजे आपलं श्रीमती. नवा खुबा, पाच महिन्यांचा. "मला फक्त सायकलवर टांग टाकता येते का ते सांग," म्हणाल्या. इथल्या माणसांना सांधा बदलला की सायकल हवी असते. आपल्या माणसांना मांडी घालून बसायचं असतं, पाटावर जेवायचं असतं, वाकून पाया पडायचं असतं. नवीन खुब्याला पहिले काही आठवडे नेमकं हेच चालत नाही. आपल्या मूळच्या सांध्याला भोवती घट्ट पिशवी असते, ती गोळ्याला धरून ठेवते. ऑपरेशनमध्ये ती कापावी लागते, आणि भरून यायला वेळ लागतो. तोवर माणूस नव्वदच्या पुढे वाकला, त्यात पाऊल आत वळलं, की धातूची मान वाटीच्या काठावर टेकते आणि गोळा उचकटून बाहेर येतो, चमच्याने डब्याचं झाकण उघडावं तसा. चौदा वर्षांनी मला कॅमेरे लागत नाहीत. माणूस वाकला की आकडा मला दिसतो.

अकराला दहा कमी असताना बेल वाजली. दार मीच उघडलं. भार्गवी मागे, हातात पिशव्या. पुढे दादा. एकाहत्तरचे झाले होते. डोक्यावर लोकरी टोपी, अंगात जावयाचा कोट असावा, बाह्या बोटांवर येत होत्या. किती वाळले होते! मी वाकून नमस्कार केला. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी मला अर्ध्यातच उठवलं. आपल्याकडे थोरली माणसं असंच करतात. वाकणाऱ्याला वाकू द्यायचं, आणि पुरतं वाकायच्या आत "असू दे" म्हणून दंडाला धरायचं.

सुबोध पॅसेजच्या टोकाला उभा होता. हाताशी काही नाही, ना भिंत ना कुबडी. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. भार्गवी काहीतरी हवापाण्याचं बोलायला गेली आणि गप्प झाली.

सुबोधने हात जोडले. मी श्वास सोडला. शब्द पाळला म्हटलं गड्याने.

दादांनी हात जोडले नाहीत. बूट न काढता तसेच उभे राहिले, पाय जुळवून.

आणि सुबोधने जोडलेले हात सोडले आणि तो पुढे आला. दोन पावलं. मग वाकायला लागला.

इथून पुढचं मी रोज बघते. साठ. सत्तर. गुडघे सरळ ठेवून वाकत होता, लहानपणी शिकवलेला नमस्कार. उजवं पाऊल आत वळलं होतं. ऐंशी. मला एक हाक मारायची होती. "सुबोध!" एवढं. दोन पावलांवर होते मी. पण मी दादांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी थरथरत होती, डोळे भरले होते, सहा वर्षांचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर सुटायला आलं होतं. आत्ता ओरडले, ऑपरेशन म्हणाले, की हे सगळं मोडलं. परत कोण कुणासमोर असं उभं राहणार? मला वाटलं, दादा आता म्हणतील, आता धरतील. नव्वद. दादा म्हणाले नाहीत. आणि मी, चौदा वर्षं लोकांना "वाकू नका, वाकू नका" सांगणारी बाई, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

त्याची बोटं दादांच्या बुटांना लागली. मग आवाज झाला. मोठा नाही, जाड कापडात काही मोडावं तसा. सुबोध दादांच्या पायांवर आडवा झाला आणि ओरडला. मी त्याला बत्तीस वर्षांत असं ओरडताना ऐकलं नव्हतं. उजवा पाय आखूड झाला होता आणि गुडघा दुसऱ्या पायावर झुकला होता. कुणी सांगायची गरज नव्हती.

मी एकशेबाराला फोन केला. डचमध्ये पत्ता सांगितला, खुब्याची तारीख सांगितली, पाय कसा पडलाय ते सांगितलं. फोनवरची बाई म्हणाली, "तुम्ही नर्स आहात का?" मी नाही म्हणाले.

दादा फरशीवर बसले होते, सुबोधचं डोकं मांडीवर घेऊन. "काय झालं रे? सुबोध, काय झालं रे बाळा?" टोपी कुठेतरी पडली होती. मी ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"सात आठवडे? आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तो नको म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"हो," मी म्हणाले.

रुग्णवाहिकेत मी सुबोधच्या उशाशी बसले. त्याला इंजेक्शन दिलं होतं, जीभ जड झाली होती. मध्येच डोळे उघडून म्हणाला, "दादा बोलला ना गं माझ्याशी?"

"बोलला."

"बाळा म्हणाला."

"हो. पडून राहा."

सांधा पहिल्या प्रयत्नात बसला नाही. मग पूर्ण भूल देऊन बसवला. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पायाला टोचून विचारलं, कळतंय का? डाव्या पायाला हो. उजव्या पायाला तो विचारायला लागला, "टोचलं का?" बाईंनी परत टोचलं. पोटरीच्या खाली काहीच कळत नव्हतं. बोटं वर ओढा म्हटलं तर बोटं तशीच. गोळा मागून बाहेर येताना तिथली मोठी नस ताणली गेली होती. तुटली नव्हती. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, इथे देत नाहीत. नस परत वाढू शकते, दिवसाला एखादा मिलिमीटर. सगळ्यांची वाढतेच असं नाही. आणि अंतर लांब असलं तर टोकापर्यंत क्वचितच पोचते.

घरी येऊन मी टेप घेतला आणि माझ्याच पायावर मोजलं. खुब्याच्या मागून अंगठ्यापर्यंत ब्याण्णव सेंटीमीटर. सुबोध माझ्यापेक्षा उंच आहे. तीन वर्षं धरा. आली तर.

नवव्या दिवशी त्याला घरी आणलं. कमरेपासून मांडीपर्यंत कडक पट्टा, वाकताच येऊ नये असा. पाऊल लोंबतं म्हणून त्याला प्लास्टिकचा साचा. वर झोपायच्या खोलीत चढणं शक्य नव्हतं, म्हणून दिवाणखान्यात भाड्याची खाट लावली. ऑफिसची नोकरी राहील, ती खुर्चीवरची आहे. पण त्याची सायकल मी भार्गवीला देऊन टाकली. त्याने एकदाही विचारलं नाही कुठे गेली.

दादा न्यूनेनला परत गेले नाहीत. आमच्याकडेच राहिले, साडेतीन आठवडे. मी लॅबला गेले की दिवसभर दोघे भाऊच घरात. सहा वर्षांचं काही बोलले असतील असं मला वाटत नाही. दादा त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, फोनवरून, चष्मा कपाळावर चढवून. सफरचंद कापून द्यायचे, सालं काढून, एवढाले तुकडे. साचा काढून पाऊल पुसायचे आणि कुठे घासलंय का ते उजेडात बघायचे, कारण घासलं तरी त्याला कळणार नव्हतं. ते पुसताना सुबोध डोळे मिटून घ्यायचा. थोरल्या भावाने आपले पाय पुसावेत, हे त्याला सोसायचं नाही. तो म्हणायचा, "सुनेत्रा येईल ना, ती करेल." दादा म्हणायचे, "गप रे." दादांनी कधी त्या पावलाला पंचाशिवाय हात लावला नाही. पंचा मध्ये असला की ते काम, नसला की मर्यादा सुटली. आमच्याकडे असंच असतं.

एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते. दादा पाणी घ्यायला आले. मला राहवेना. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि म्हणाले, "दादा, मला दिसत होतं. तो नव्वदच्या पुढे जातोय ते मला दिसत होतं. माझं कामच आहे ते. मी हाक मारली असती तर थांबला असता. मी नाही मारली."

त्यांनी पेला ओट्यावर ठेवला.

"का नाही मारलीत?"

"तुमचा चेहरा बघून."

दादांनी नळ बंद केला.

"'असू दे' म्हणायचं असतं," ते म्हणाले. "तुम्हाला म्हणालो ना मी, दारात? तोंडात सवयच आहे ती. त्याला नाही म्हणालो. आलं होतं ओठावर. म्हटलं, नको. होऊ दे नमस्कार पुरता. आईच्या वेळचा आहे तो, राहिलेला." बंद नळ त्यांनी पुन्हा पिळला. "मला तो पुरा हवा होता हो, सुनेत्रा. पाय जुळवून उभा राहिलो मी त्याच्यासाठी."

तुमची चूक नाही म्हणाले असते तर खोटं झालं असतं. ते मला म्हणाले असते तरी खोटंच. मी सुरी ठेवली आणि त्यांना खुर्ची दिली. बाहेरून सुबोध ओरडला, "दादा, पाणी आणतोयस ना?"

"आलो," दादा म्हणाले.

परत जायचा दिवस आला. तिकीट आधीच काढलेलं होतं, व्हिसाचे दिवस संपत होते. भार्गवी गाडी घेऊन आली, बॅगा ठेवल्या आणि गाडीतच बसून राहिली. शहाणी आहे पोर.

सुबोध उताणा पडला होता. त्याने तोंड खिडकीकडे फिरवून घेतलं होतं. तो रडत होता आणि ते दादांना दिसू नये असं त्याला वाटत होतं. दादा कोट घालून खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. त्यांनी दोनदा घसा साफ केला. काही बोलायला गेले असते तर या वयात हुंदकाच आला असता, आणि ते त्यांना चालणारं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दारात होते, आणि पांघरुणाचं टोक वर केलं.

साचा काढलेला होता. पंचा त्यांनी घेतला नाही. उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं. वाकले, आणि तसेच धरून राहिले. वरच्या बाजूने अंगठा फिरवत होते, हळूहळू, घोट्यापासून बोटांपर्यंत. सुबोध खिडकीबाहेर बघत होता. त्यांच्या टोपीचं टोक पांघरुणाला टेकलं होतं. मी मान वळवली नाही. मग त्यांनी पाऊल खाली ठेवलं, पांघरूण नीट केलं, आणि माझ्या शेजारून निघून गेले. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं.

गाडी वळून गेल्यावर सुबोधने तोंड पुसलं.

"एक शब्द बोलला नाही," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो. जाताना माणसाने हात तरी लावावा."

एकदा गप्प राहून मी काय केलं ते समोर खाटेवर पडलं होतं.

"लावला," मी म्हणाले.

"कुठे?"

मी पांघरूण बाजूला केलं आणि जिथे दादांचे हात होते तिथे माझे ठेवले. पाऊल गार होतं. पट्ट्यामुळे त्याला उठून बघता येईना. तो छताकडे बघत राहिला.

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी. बराच वेळ."

त्याने डोळे मिटले. कपाळाला आठ्या घातल्या, लांबून कुणी काही सांगतंय ते ऐकायचा प्रयत्न करावा तशा. मी हलले नाही.

"आत्ता तुझा हात आहे का तिथे?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणाले, आणि आणखी घट्ट धरलं.